भय, विश्वास आणि प्रार्थना : मार्टिन ल्यूथर किंग (ज्युनिअर) यांच्या माँटगोमेरीतील अनुभवाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

भय ही माणसाच्या आदिम भावनांपैकी एक होय. जीव वाचविण्याच्या प्रेरणेशी तिचा थेट संबंध असल्यामुळे तिचे समूळ उच्चाटन शक्य नाही आणि ते इष्टही नाही. तरीही बहुतेक धर्मपरंपरांनी निर्भयतेला फार वरचे स्थान दिले आहे. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची जी गणना येते तिचा आरंभच 'अभय' या गुणाने होतो. समर्थ रामदासांनी 'मनाच्या श्लोकां'त भिणाऱ्या मनाची चांगलीच कानउघाडणी केली आहे. पण तिचाही आधार नुसती मर्दुमकी हा नाही, पाठीशी उभा असलेला समर्थ स्वामी हा आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथात तर न भिण्याची आज्ञा पहिल्या पुस्तकापासून शेवटच्या पुस्तकापर्यंत पुन्हा पुन्हा आढळते.

या आज्ञेचा अर्थ कसा लावावा याविषयी मात्र ख्रिस्ती समाजातच दोन समजुती दिसून येतात. खऱ्या विश्वासणाऱ्याला भय वाटतच नाही, म्हणून भय वाटणे हे विश्वास उणा असल्याचे लक्षण होय, ही पहिली. भय वाटणारच, विश्वासामुळे ते उघडपणे बोलून दाखविण्यास एक स्थान मिळते आणि ते वाटत असतानाही कर्तव्य करण्याचे बळ येते, ही दुसरी. व्यासपीठावरून पहिली समजूत अधिक ऐकू येते. दुसरी समजूत धर्मग्रंथाला आणि प्रत्यक्ष अनुभवाला अधिक धरून आहे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. त्यासाठी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचा १९५६-५७ मधील अनुभव प्रामुख्याने विचारात घेतला आहे. किंग यांनी आपल्या भयाविषयी स्वतः मोकळेपणाने लिहिले आहे आणि ज्या बाह्य घटनांमुळे ते भय निर्माण झाले त्यांची नोंद तारखांसह उपलब्ध आहे, हे या निवडीचे कारण होय.

वादळातील नौका

मार्ककृत शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील प्रसंग परिचित आहे. गालील सरोवरात वादळ उठते, नौकेत पाणी शिरू लागते आणि येशू नौकेच्या मागच्या भागात उशीवर डोके ठेवून झोपलेला असतो. शिष्य त्याला जवळजवळ दटावूनच उठवितात. वादळ शमते आणि मग येशू त्यांना त्यांच्या भित्रेपणाविषयी विचारतो. 'भय म्हणजे अविश्वास' या समजुतीला मुख्य आधार याच प्रश्नात शोधला जातो. परंतु त्यानंतरच्या वाक्याकडे सहसा दुर्लक्ष होते. वादळ शमल्यावर शिष्य निर्धास्त झाले असे मार्क लिहीत नाही. ते अधिकच भयभीत झाले, असे तो लिहितो. वाऱ्याचे भय गेले आणि ज्याची आज्ञा वाराही पाळतो त्याच्याविषयीचे भय आले. मराठी ख्रिस्ती भाषेत रूढ असलेला 'परमेश्वराचे भय' हा शब्दप्रयोग याच अर्थाचा आहे. एका मोठ्या भयापुढे लहान भये आपोआप उणी ठरतात, ही बायबलमधील एक जुनी विचारसरणी होय.

या कथेची छाया पुढील ख्रिस्ती इतिहासावर दीर्घकाळ पडलेली दिसते. मेथॉडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली १७३६ च्या जानेवारीत 'सिमंड्स' नावाच्या जहाजातून जॉर्जिया वसाहतीकडे निघाले होते. त्याच जहाजावर मोरेव्हियन पंथाची काही जर्मन कुटुंबे होती. त्यांची उपासना चालू असतानाच समुद्र खवळला, मुख्य शीड फाटले आणि इंग्रज उतारूंनी आक्रोश आरंभला. मोरेव्हियन मंडळी मात्र स्तोत्र गात राहिली. आपल्याला भय वाटले नाही का, या वेस्लींच्या प्रश्नाला त्यांच्यापैकी एकाने शांतपणे नकारार्थी उत्तर दिले. आपल्या स्त्रिया व मुलेही मरणाला भीत नाहीत, अशी पुस्ती जोडली. वेस्लींना या प्रसंगाने विलक्षण अस्वस्थ केले. स्वतःचे मृत्युभय हा आपल्या विश्वासाच्या पोकळपणाचा पुरावा आहे असे ते मानू लागले आणि १७३८ च्या मे महिन्यात लंडनमधील अॅल्डर्सगेट स्ट्रीट येथे आलेल्या अनुभवापर्यंत ही बोच त्यांना सतावीत राहिली.

मोरेव्हियनांचे धैर्य खरे होते, यात शंका नाही. पण त्यावरून जो मापदंड वेस्लींनी स्वतःला लावून घेतला तो येशूला लावून पाहिला तर काय होते? गेथशेमाने बागेत अटकेच्या आदल्या घटकेला येशू अत्यंत व्याकूळ व भयग्रस्त झाला, असे मार्कने चौदाव्या अध्यायात आडपडदा न ठेवता लिहिले आहे. त्याने शिष्यांना जवळ थांबण्याची विनंती केली, जमिनीवर पडून संकट टळावे अशी प्रार्थना केली, आणि तीही एकदा करून तो थांबला नाही. ज्या धर्माचा संस्थापकच भयाने व्याकूळ झालेला दाखविला आहे त्या धर्मात भय हे पाप ठरू शकत नाही.

येशूने ही भाषा स्तोत्रसंहितेतून घेतली होती. दीडशे स्तोत्रांच्या या संग्रहाचे प्रकारवार वर्गीकरण करणारे जर्मन अभ्यासक हेर्मान गुंकेल यांना त्यात सर्वाधिक संख्या वैयक्तिक विलापस्तोत्रांची आढळली. स्तुतीपेक्षा गाऱ्हाणे अधिक, असा हा प्रार्थनाग्रंथ आहे. शत्रू, आजार, एकटेपणा, मृत्यू यांची भीती तेथे देवासमोर स्पष्ट शब्दांत मांडलेली आहे. प्रसंगी देवालाच जाब विचारलेला आहे. विठ्ठलाशी भांडणाऱ्या तुकोबांचा अभंग ज्यांच्या कानी पडला आहे त्या मराठी वाचकाला या स्वराची ओळख वेगळी करून देण्याचे कारण नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हटले होते, ते या दृष्टीनेही अर्थपूर्ण वाटते.

जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांनी १५ जानेवारी १९३३ रोजी बर्लिनमध्ये याच वादळाच्या कथेवर, मत्तयाच्या आठव्या अध्यायाच्या आधारे, भयावरील विजय हा विषय घेऊन प्रवचन दिले. त्यानंतर पंधरा दिवसांनी हिटलर सत्तेवर आला. पुढे तुरुंगात असताना १९४४ मध्ये बोनहोफर यांनी एक कविता लिहिली. तीत पहारेकऱ्यांना दिसणारा धीरगंभीर कैदी आणि स्वतःला ठाऊक असलेला, पिंजऱ्यातील पाखरासारखा बेचैन माणूस, या दोहोंपैकी खरा कोण असा प्रश्न आहे. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्ग छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आले. ते अत्यंत शांतपणे मृत्यूला सामोरे गेले, असे वर्णन छावणीतील डॉक्टराने सुमारे दहा वर्षांनी लिहिले. नंतरच्या अभ्यासकांनी त्याच्या विश्वसनीयतेविषयी गंभीर शंका घेतल्या आहेत. तरी भक्तिपर चरित्रांतून डॉक्टरचे वर्णन आवर्जून उद्धृत होते आणि कविता मागे पडते. हुतात्म्याच्या चरित्रातून भय पुसून टाकण्याची ही प्रवृत्ती सर्वच समाजांत असते. तिने हुतात्मा मोठा होतो; वाचक मात्र एकटा पडतो.

माँटगोमेरी, जानेवारी १९५६

अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमधील आसन गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिल्याबद्दल अटक झाली. ५ डिसेंबरपासून शहरातील कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. चळवळीच्या संघटनेचे अध्यक्षपद डेक्स्टर अॅव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चच्या सव्वीस वर्षांच्या पाळकाकडे आले. किंग यांना त्या चर्चमध्ये येऊन जेमतेम वर्ष झाले होते. त्यांची पहिली कन्या नोव्हेंबरात जन्मली होती. बॉस्टन विद्यापीठाची पीएच.डी. त्याच वर्षी मिळाली होती, आणि प्रबंधाचा विषय होता पॉल टिलिख व हेन्री नेल्सन वीमन यांच्या विचारातील ईश्वराची संकल्पना. ईश्वराच्या संकल्पनेवर प्रबंध लिहिलेला हा तरुण पुढील दोन महिन्यांत ज्या अवस्थेत सापडला तिचा त्या प्रबंधात पत्ता नव्हता.

धमक्यांची पत्रे आणि निनावी दूरध्वनी रोजचेच झाले. २६ जानेवारी १९५६ रोजी ताशी पंचवीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर तीस मैलांच्या वेगाने मोटार चालविल्याच्या आरोपावरून पोलिसांनी त्यांना पकडले. पोलिसांची गाडी शहराबाहेर नदीच्या दिशेने वळली तेव्हा आपल्याला जमावाच्या हाती देऊन ठार करणार, या कल्पनेने ते थरथर कापू लागले. समोर तुरुंगाची पाटी दिसली तेव्हा त्यांना हायसे वाटले. तुरुंग पाहून सुटकेचा निःश्वास टाकावा, अशी ती अवस्था होती. 'स्ट्राइड टोवर्ड फ्रीडम' (१९५८) या पुस्तकात किंग यांनी हे सर्व लिहिले आहे आणि त्यात स्वतःला शूर दाखविण्याचा प्रयत्न केलेला नाही.

दुसऱ्या दिवशी, २७ जानेवारीच्या रात्री उशिरा पुन्हा दूरध्वनी वाजला. शहर सोडले नाही तर पस्तावशील, अशा अर्थाची शिवीगाळ करून पलीकडच्याने बोलणे तोडले. पत्नी कोरेटा व मूल झोपले होते. किंग यांना झोप येईना. त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन कॉफी तापविली आणि भित्रा न ठरता या साऱ्यातून बाहेर कसे पडता येईल, याचा विचार सुरू केला. हा तपशील महत्त्वाचा आहे. प्रार्थनेपूर्वी त्यांच्या मनात पराक्रमाचा विचार नव्हता. अब्रू राखून माघार घेण्याचा होता. कॉफीचा पेला तसाच राहिला. मग मेजावर वाकून, डोके हातांत धरून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली.

किंग यांनी दिलेला तिचा आशय असा : जे योग्य वाटते त्यासाठी आपण उभे आहोत, पण आता भय वाटते आहे, लोक आपल्याकडे पाहतात, आपणच खचलो तर तेही खचतील, आपली शक्ती संपली आहे आणि एकट्याने पुढे जाणे शक्य नाही. या प्रार्थनेत मागणे जवळजवळ नाहीच. धमक्या थांबाव्यात, कुटुंब सुरक्षित राहावे, शत्रूला सद्बुद्धी व्हावी, यांपैकी काहीही त्यात येत नाही. ती एक कबुली आहे. चारचौघांत ज्याला खंबीर दिसणे भाग होते त्याला आपले भय बोलून दाखविण्यास ती एकच जागा उरली होती. त्यानंतर न्यायासाठी व सत्यासाठी उभे राहण्यास सांगणारा, साथीचे आश्वासन देणारा आवाज आपल्याला अंतर्यामी ऐकू आला, असे ते लिहितात. भय ओसरू लागले. बाहेरची परिस्थिती तीच होती.

या अनुभवाचे निवेदन १९५८ च्या पुस्तकात त्रोटक आहे आणि नंतरच्या प्रवचनांतून ते विस्तारत गेले, ही गोष्ट अभ्यासकाने ध्यानात घ्यावी. डेव्हिड गॅरो यांनी 'बेअरिंग द क्रॉस' (१९८६) या चरित्रग्रंथात या रात्रीला किंग यांच्या जीवनात मध्यवर्ती स्थान दिले आहे. अंतर्यामीचा आवाज हा ईश्वराचा की मनाचा, या प्रश्नाचा निर्णय इतिहासाच्या साधनांनी होणारा नाही. धर्माच्या मानसशास्त्राला मात्र येथे काही सांगता येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पर्गामेंट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये संकटाला तोंड देण्याच्या तीन धार्मिक रीती सांगितल्या. एकीत माणूस सर्व भार स्वतः उचलतो, दुसरीत तो सर्व देवावर सोपवून स्वस्थ बसतो, तिसरीत तो स्वतःला देवाचा सहकारी मानून कृती करतो. किंग यांचा त्या रात्रीचा प्रवास पहिल्या रीतीच्या अंतापासून तिसऱ्या रीतीच्या आरंभापर्यंतचा आहे. दुसरी रीत, जिला प्रार्थनेचे टीकाकार प्रार्थनेचे सर्वस्व समजतात, ती त्यात मुळीच नाही.

बॉम्ब आणि बंदूक

तीनच दिवसांनी, ३० जानेवारीच्या रात्री, किंग सभेत असताना त्यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फेकण्यात आला. कोरेटा, एक मैत्रीण आणि तान्हे मूल घरात होते; सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. संतप्त जमाव शस्त्रे घेऊन घरासमोर जमला. किंग यांनी पडक्या ओसरीवर उभे राहून त्यांना शस्त्रे घरी ठेवण्याचे आवाहन केले. बॉम्बची बातमी आपण शांतपणे ऐकू शकलो याचे श्रेय त्यांनी काही रात्रींपूर्वीच्या त्या अनुभवाला दिले आहे.

बहुतेक प्रवचनकार ही कथा येथेच संपवितात. वस्तुतः खरा शिकण्याजोगा भाग यानंतरचा आहे. त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर, पत्नी व मूल मेले असते या विचाराने आपल्या मनात संताप उसळू लागला आणि आपण द्वेषाच्या उंबरठ्यावर पोहोचलो, असे किंग यांनीच नमूद केले आहे. पुढे त्यांनी शेरीफच्या कार्यालयात जाऊन मोटारीत बंदूक बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारण्यात आला. म्हणजे स्वयंपाकघरातील प्रार्थनेनंतर थोड्याच दिवसांत अहिंसक चळवळीचा हा नेता शस्त्राच्या परवान्यासाठी सरकारी दारात उभा होता. प्रार्थना निष्फळ ठरली असा याचा अर्थ घ्यावयाचा काय? तसा घेता येत नाही. कारण याच विसंगतीने किंग यांना पुढील विचारास प्रवृत्त केले. अहिंसेचे नेतृत्व आणि स्वसंरक्षणार्थ शस्त्र यांचा मेळ कसा बसावा, यावर पती-पत्नींनी अनेक दिवस चर्चा केली आणि घरातील एकुलते एक शस्त्र काढून टाकले. घराभोवती प्रखर दिवे लावले, निःशस्त्र पहारेकरी ठेवले, एकट्याने न फिरण्याचे मित्रांना वचन दिले. ही सावधगिरी अविश्वासाची खूण आहे असे त्यांना वाटले नाही. घरात बंदूक होती तेव्हाच आपण अधिक भीत होतो, आणि ती नको असे ठरविल्यावर मृत्यूच्या प्रश्नाला समोरासमोर भिडणे भाग पडले, असे त्यांनी नंतर लिहिले.

अभय आणि अहिंसा यांचा हा संबंध गांधीविचारात आधीपासून आहे. आश्रमीय व्रतांत गांधींनी अभयाचा समावेश केला होता. १९५९ मध्ये किंग दांपत्य भारतात आले आणि मुंबईत त्यांनी मणिभवनालाही भेट दिली. शस्त्र टाकण्याचा निर्णय मात्र त्यांनी या प्रवासापूर्वीच, माँटगोमेरीच्या भर धामधुमीत घेतला होता.

भयाचे निदान

किंग यांच्या 'स्ट्रेंग्थ टू लव्ह' (१९६३) या प्रवचनसंग्रहात भयावरील उताऱ्यांविषयी एक स्वतंत्र प्रवचन आहे. त्यातही भय सर्वस्वी वाईट मानलेले नाही. अंधाराच्या, वेदनेच्या आणि अज्ञानाच्या भयातूनच माणसाने वीज, वैद्यक आणि शाळा निर्माण केल्या, असे ते दाखवून देतात. फ्रॉइडच्या आधारे ते एक सोपा भेद सांगतात : आफ्रिकेच्या अरण्यात सापाला भिणे स्वाभाविक, शहरातील घरात गालिच्याखाली साप असेल म्हणून भिणे विकृत. या भेदाचे व्यावहारिक मोल मोठे आहे. दुसऱ्या प्रकारच्या भयाने ग्रासलेल्या विद्यार्थ्याला किंवा रुग्णाला केवळ विश्वास वाढविण्याचा उपदेश करणे म्हणजे त्याच्या भयावर अपराधभावाचा बोजा चढविणे होय. त्याला उपचारांची गरज असते आणि प्रार्थना त्या उपचारांच्या आड येत नाही.

याहून लक्षणीय भाग भयाच्या सामाजिक स्वरूपाविषयीचा आहे. वंशभेदाच्या मुळाशी गोऱ्यांचे भय आहे, असे निदान किंग करतात. आर्थिक लाभ जातील, प्रतिष्ठा घटेल, विवाहसंबंध जुळतील, अशी ही भये. बॉम्ब टाकणाराही भ्यालेलाच असतो. परिपूर्ण प्रीती भयाला घालवून देते, हा योहानाच्या पहिल्या पत्रातील विचार किंग त्यामुळे दोन्ही बाजूंना लावतात. आपल्यापासून भिण्याचे कारण नाही याची खात्री अत्याचार करणाऱ्याला पटविणे, हीदेखील त्यांच्या मते पीडिताची जबाबदारी आहे. ही अपेक्षा अन्यायकारक वाटण्याइतकी कठोर आहे आणि तिच्यावर त्या काळीही टीका झाली. परंतु भयनिवारणाला त्यांनी वैयक्तिक मनःशांतीच्या कक्षेबाहेर नेले, हे मान्य करावे लागते.

याच प्रवचनात पोलार्ड नावाच्या वृद्धेची हकीकत येते. बहिष्काराच्या काळात पायी चालणाऱ्या सामान्य स्त्रियांपैकी ती एक. किंग वरवर खंबीर भाषण करून खाली उतरले असता तिने त्यांना जवळ बोलावले आणि आज तुझ्या बोलण्यात जोर नव्हता, काय बिनसले, असे विचारले. त्यांनी उडवाउडवी केली. तिला ती पटली नाही. आम्ही तुझ्यासोबत आहोत, आणि आम्ही नसलो तरी देव तुझी काळजी घेईल, अशा अर्थाचे ती बोलली. ज्याचे भय सभेला दिसले नाही त्याचे तिला दिसले.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डिसेंबर १९५६ मध्ये बसमधील वंशभेद संपला. त्यानंतर हिंसाचार उलट वाढला. जानेवारी १९५७ मध्ये चर्च व पाळकांची घरे बॉम्बने उडविण्यात आली. या हानीला आपणच जबाबदार आहोत या विचाराने किंग खचले. त्याच महिन्यातील एका सभेत प्रार्थना करताना, कोणाला मरण यावयाचेच असेल तर ते आपल्याला यावे, असे शब्द त्यांच्या तोंडून निघाले आणि पुढे त्यांना बोलवेना. ते उभेच राहिले. सहकारी पाळकांनी त्यांना आधार देऊन आसनावर बसविले. लोकांसमोर असे कोसळणे लाजिरवाणे वाटावे असे होते, पण या प्रसंगाने आपल्याला अनपेक्षितपणे मोठा दिलासा मिळाला, असे किंग यांनी लिहिले आहे. एक वर्षापूर्वी जी कबुली त्यांनी बंद स्वयंपाकघरात दिली होती ती आता मंडळीसमोर झाली होती.

२७ जानेवारी १९५७ रोजी, त्या रात्रीला बरोबर एक वर्ष होत असताना, त्यांच्या ओसरीवर डायनामाइटच्या बारा कांड्या न फुटलेल्या स्थितीत सापडल्या. किंग त्या रात्री घरी नव्हते. तो रविवार होता. सकाळी डेक्स्टर अॅव्हेन्यू चर्चच्या व्यासपीठावरून त्यांनी आपल्या मंडळीला वर्षापूर्वीच्या त्या निद्राहीन रात्रीची हकीकत सांगितली.